कलावंतांचं पोळं

भाड्यानं घर शोधण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी घेतलेला असतो. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली, पुन्हा अकरा महिन्यांनी सामानाची बांधाबांध. पण घर शोधणारी मुलगी चित्रकार किंवा शिल्पकार असेल, तर तिची पंचाईत आणखी वाढते. मातीचा राडा चालणार नाही, टर्पेंटाइनचा वास चालणार नाही, रात्री ठोकाठोक तर अजिबात नाही! शिवाय दरमहा ठरावीक पगार दाखवा, ही अट असतेच. मग ती गावाबाहेरची, कुणाला नको असलेली एखादी जुनाट जागा शोधते. तिच्यामागून तिच्यासारखे आणखी चारजण येतात. वस्तीला जरा रंग चढतो, चहाकॉफीची दुकानं निघतात, लोक फिरायला येऊ लागतात. आणि मग एक दिवस जागेचे भाव वाढतात. पहिलं घर रिकामं करावं लागतं ते अर्थातच तिला.

हे रडगाणं जगभरातल्या शहरांत ऐकू येतं आणि ते आजचं नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका शिल्पकाराला ते ऐकू आलं आणि त्यानं त्यावर आपल्या पदरच्या पैशानं उत्तर शोधलं. त्याचं नाव आल्फ्रेद बूशे. त्याच्या काळात हा माणूस चांगलाच गाजलेला होता. त्याची शिल्पं आज फारशी चर्चेत नसतात. पण त्यानं उभारलेलं घर मात्र अजून आहे आणि त्यात अजूनही कलावंतच राहतात. ते कसं टिकलं, ही गोष्ट फार शिकवण्यासारखी आहे.

बूशेचा जन्म १८५० सालचा, पॅरिसच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातला. वडील शेतमजूर. घरात कलेचं वातावरण वगैरे काही नाही. पुढे वडिलांना जवळच्या नोजाँ-स्यूर-सेन या गावात माळ्याची नोकरी मिळाली आणि या मुलाचं नशीब पालटलं. कारण ती बाग होती मारिउस राम्यूस नावाच्या शिल्पकाराची. माळ्याचा पोरगा मालकाच्या स्टुडिओत डोकावू लागला, मातीत हात घालू लागला. राम्यूसनं त्याला हाकलून दिलं नाही. उलट हाताशी घेतलं, शिकवलं. त्याच गावचे दुसरे नामवंत शिल्पकार पॉल द्युब्वा यांचंही त्याला मार्गदर्शन मिळालं. १८६९ साली बूशे पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये दाखल झाला.

एक लक्षात घ्यायला हवं. चित्रकाराचं एखाद्या खोलीत कसंबसं भागतं. शिल्पकाराचं तसं नसतं. त्याला उंच छताची जागा लागते, भरपूर उजेड लागतो. ओली माती, प्लॅस्टर, दगडाचे जड ठोकळे, सगळं मांडून ठेवायला ऐसपैस जमीन लागते. माती वाळू नये म्हणून तिच्यावर रोज ओली फडकी टाकावी लागतात, त्यामुळे काम अर्धवट टाकून दुसरीकडे बिऱ्हाड हलवणंही जमत नाही. जागा गेली की कामच जातं. गरिबाघरच्या मुलाला हे पुस्तकातून वाचायची गरज नव्हती. एका उदार माणसानं आपल्या स्टुडिओचं दार उघडलं नसतं तर आपण आज माळीकाम करत असतो, याची त्याला जाणीव असणार.

हेच दार त्यानं पुढे दुसऱ्या एका मुलीसाठी उघडलं. १८७६ साली दस्तनोंदणी खात्यातले एक अधिकारी बदली होऊन नोजाँला आले. त्यांची मोठी मुलगी बारा वर्षांची. तिला मातीशिवाय काही सुचत नसे. घरातल्या माणसांना, नोकरांना धरून ती मातीकामाला जुंपायची. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. वडिलांना कौतुक होतं, पण मुलीच्या हातात खरोखर काही आहे की नुसताच पोरखेळ, हे सांगणार कोण? त्यांनी बूशेला बोलावलं. बूशेनं तिची कामं पाहिली आणि ती गंभीरपणे घेतली. ही मुलगी म्हणजे कामिल क्लोदेल.

मुलीनं शिल्पकार व्हायचं, हे त्या काळी भलतंच होतं. ज्या सरकारी शाळेत बूशे शिकला, तिचं दार मुलींना १८९७ सालापर्यंत बंद होतं. १८८१ साली वडील नोकरीच्या गावी राहिले आणि आई मुलांना घेऊन पॅरिसला आली. कामिलनं कोलारोसी या खासगी कलाशाळेत नाव घातलं आणि काही इंग्रज मैत्रिणींबरोबर मिळून एक स्टुडिओ भाड्यानं घेतला. चार मुलींनी मिळून भाडं भरायचं, मॉडेलचा खर्च वाटून घ्यायचा. तिथं येऊन त्यांची कामं तपासण्याचं, चुका दाखवण्याचं काम बूशेनं पत्करलं. त्या काळातलं त्यानं केलेलं एक शिल्पही आहे, पुस्तकात डोकं घातलेल्या तरुण कामिलचं. १८८२ साली त्याला इटलीला जायची संधी मिळाली, तेव्हा मुलींना वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून त्यानं हे काम एका परिचिताकडे सोपवलं. तो परिचित म्हणजे ऑग्युस्त रोदाँ. पुढची कामिल-रोदाँ कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कहाणीत बूशेचं नाव सुरुवातीला एकदा येतं आणि मागे पडतं.

इटलीहून परतल्यावर बूशेचा काळ खरोखरच बहरला. शर्यतीच्या शेवटच्या क्षणी हात पुढे टाकून झेपावणाऱ्या तीन धावपटूंचं त्याचं १८८६ सालचं शिल्प अफाट गाजलं. जमिनीत फावडं रोवणाऱ्या मजुराचं त्याचं शिल्पही नावाजलं गेलं. मोठमोठ्या घराण्यांतून व्यक्तिशिल्पांची कामं येऊ लागली, मानसन्मान आले, पैसा आला. १९०० साली पॅरिसला जे प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पन्नाशीला टेकलेल्या यशस्वी माणसानं आता काय करायचं? एखादा बंगला बांधायचा, कुठं छानसं उद्यानगृह घ्यायचं. बूशेनं मात्र शहराच्या पार कडेला, वोजिरारच्या कत्तलखान्याजवळ, सुमारे पाच हजार चौरस मीटरची एक ओसाड जागा घेतली. जनावरांचा आवाज, वास. कुणालाही नको असलेली जमीन, म्हणून स्वस्त.

तिच्यावर बांधायचं कशानं, तेही त्यानं शोधून काढलं. जागतिक प्रदर्शन संपलं होतं आणि तिथले मंडप मोडीत निघत होते. आयफेलच्या कारखान्यातल्या लोखंडी सांगाड्यावर उभारलेला, वाइनच्या प्रदर्शनासाठीचा एक गोलसर मंडप त्यानं विकत घेतला. प्रदर्शनात स्त्रियांच्या कार्यासाठी खास दालन होतं, त्याचं लोखंडी नक्षीदार फाटक घेतलं. हे सगळं उचलून त्या ओसाड जागेत आणलं आणि पुन्हा जोडलं. आपल्याकडे जुन्या वाड्याचं लाकूड विकत घेऊन घर बांधतात ना, अगदी तसं! १९०२ साली सरकारी पाहुण्यांच्या हजेरीत, राष्ट्रगीताच्या सुरावर या वास्तूचं उद्घाटन झालं. नाव ठेवलं ला र्‍यूश, म्हणजे मधमाश्यांचं पोळं.

नाव अगदी चपखल होतं. मधोमध जिना आणि त्याच्या भोवती केकच्या तुकड्यांसारख्या निमुळत्या खोल्या, तीन मजल्यांवर. बागेत आणखी छोटी छोटी बांधकामं. सगळे मिळून शंभराच्या वर स्टुडिओ होते. खोलीत झोपायला माळा, एक मोठी खिडकी, एक शेगडी. पाण्यासाठी खाली अंगणात यायचं. चैन म्हणावी असं तिथं काही नव्हतं. राहणारे आपल्या निमुळत्या खोल्यांना चेष्टेनं शवपेटी म्हणत. पण भाडं नाममात्र होतं आणि तेही थकलं तर कुणी सामान बाहेर काढत नसे. बूशे वसुलीच्या बाबतीत बहुधा काणाडोळाच करायचा.

शिवाय त्यानं नुसत्या खोल्या दिल्या नाहीत. प्रदर्शनासाठी सामाईक दालन बांधलं. बसवलेल्या मॉडेलवरून सगळ्यांना चित्रं काढता यावीत, अशी सोय केली, कारण एकट्यादुकट्याला मॉडेलचा खर्च कुठून परवडणार? तीनशे माणसं बसतील असं छोटं नाट्यगृहही होतं. पुढे फ्रेंच रंगभूमीवर मोठा झालेला नट लुई जूवे याची उमेदवारी तिथंच झाली. दारावरची काळजीवाहू बाई उपाशी पोरांना वाटीभर सूप द्यायची, असं तिथं राहून गेलेल्यांच्या आठवणींत येतं. थोडक्यात, ती एक चाळ होती. नळावरची भांडणं, उसनवारी, एकमेकांच्या खोलीत रात्रभर गप्पा, सगळं आलं.

आणि या चाळीत कोण राहिलं? फेर्नां लेजे. रशियाच्या एका गावातून आलेला मार्क शागाल. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला शाइम सूतीन. शिल्पकार आर्किपेंको आणि झाडकिन. मोदिल्यानीही तिथं काही काळ होता. पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांमधून छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून निघालेल्या कितीतरी मुलांना पॅरिसच्या स्टेशनावर उतरल्यावर एकच पत्ता ठाऊक असायचा, तो या पोळ्याचा. भाषा येत नाही, खिशात दमडी नाही, ओळख नाही. अशांना छप्पर मिळालं आणि त्यांनी विसाव्या शतकाची चित्रकला बदलून टाकली. गंमत म्हणजे बूशे स्वतः जुन्या वळणाचा शिल्पकार. ही पोरं जे काही वेडंवाकडं रंगवत होती, ते त्याच्या शिकवणीत बसणारं नव्हतं. तरी त्यानं जागा देताना, माझ्यासारखं काम करा, अशी अट घातली नाही. मला तर हा त्याचा मोठेपणा पैशाच्या उदारपणापेक्षाही मोठा वाटतो.

या यादीत बायकांची नावं फार थोडी आहेत, हेही सांगायला हवं. बायका होत्या. मॉडेल म्हणून, कुणाची बायको म्हणून, काही स्वतः चित्रकार म्हणूनही. पण इतिहासानं आठवणीत ठेवली ती बहुतेक पुरुषांचीच नावं. स्त्रियांच्या दालनाचं फाटक दाराशी उभं असूनही! आणि ज्या मुलीची गुणवत्ता बूशेनं सगळ्यांत आधी ओळखली, तिचं काय झालं? कामिल सेन नदीतल्या बेटावर एका तळमजल्यावरच्या भाड्याच्या जागेत एकटी राहत होती. कामं मिळेनात, पैसा नाही, मन ढासळलेलं. स्वतःची शिल्पं ती स्वतःच फोडू लागली होती. १९१३च्या मार्चमध्ये वडील वारले आणि आठवडाभरात घरच्यांनी तिला त्या खोलीतून उचलून मनोरुग्णालयात नेलं. १९४३ साली मरेपर्यंत, तीस वर्षं, ती तिथून बाहेर आली नाही. पोळ्यातल्या एखाद्या खोलीनं तिचं आयुष्य बदललं असतं, असं म्हणणं फार सोपं होईल. पण भोवती आपल्यासारखी माणसं असणं आणि नसणं यात फरक असतोच.

१९१४ साली महायुद्ध पेटलं. शागाल तेव्हा जर्मनीमार्गे मायदेशी गेला होता. जाताना आपल्या खोलीचं दार त्यानं तारेनं बांधलं होतं. नऊ वर्षांनी परतला तेव्हा खोलीतली चित्रं नाहीशी झाली होती. मधल्या काळात ला र्‍यूशमध्ये युद्धातल्या निर्वासितांची सोय केली गेली. कामं आटली, जुन्या वळणाच्या शिल्पांची मागणी गेली, बूशेची संपत्ती ओसरली. वास्तूची डागडुजी होईना. १९३४ साली आल्प्सच्या पायथ्याशी एक्स-ले-बें या गावी त्याचं निधन झालं.

आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली.

१९०२ सालीच बूशेनं आणखी एक गोष्ट केली होती. नोजाँ गावात एक संग्रहालय सुरू केलं होतं, स्वतःच्या आणि आपल्या गुरूंच्या शिल्पांचं. ते गावाचं झालं. ला र्‍यूश मात्र त्याच्याच नावावर राहिलं. तो होता तोवर यानं काही बिघडलं नाही, कारण भाडं थकलं तरी हसून सोडून देणारा मालक स्वतःच होता. पण माणूस गेला की उरते ती मिळकत. मिळकत वारसांकडे जाते आणि वारसांना चांगुलपणाही वारसाहक्कानं मिळतो असं नाही. त्यांना दोष तरी किती द्यायचा? गळकी छपरं, तुटपुंजं भाडं आणि दुरुस्तीचा न संपणारा खर्च. दरम्यान दुसरं महायुद्ध येऊन गेलं होतं. या पोळ्यात राहून गेलेले काही ज्यू कलावंत नाझींच्या छळछावण्यांत मेले. चित्रकार आँरी एप्स्टाइन हा त्यांतलाच एक. युद्धानंतर पॉल रेबेरोलसारखे तरुण चित्रकार त्या पडक्या खोल्यांत राहू लागले. आणि शहर आता कत्तलखान्याच्याही पुढे पसरलं होतं. जी जमीन कुणाला नको होती, ती आता सगळ्यांना हवी होती.

१९६०च्या दशकाच्या शेवटी वारसांनी जागा विकायचं ठरवलं. घेणार कोण होतं, तर स्वस्त सदनिका बांधणारी संस्था. म्हणजे पाहा, गरिबांना परवडणारी घरं बांधण्यासाठी गरीब कलावंतांना परवडणारं घर पाडायचं! पण मग कलावंत जागे झाले. बचाव समिती उभी राहिली. कधीकाळी तिथल्या एका निमुळत्या खोलीत राहिलेला आणि आता जगप्रसिद्ध झालेला ऐंशीच्या घरातला शागाल तिच्या अध्यक्षपदी आला. जाँ-पॉल सार्त्र, सिनेदिग्दर्शक जाँ रन्वार, कवी रने शार अशी वजनदार माणसं पाठीशी उभी राहिली. याच सुमारास, १९७० साली, माँमार्त्र टेकडीवरची पिकासोच्या तरुणपणाची ती प्रसिद्ध लाकडी चाळ, बातो-लाव्वार, आगीत भस्मसात झाली. जे गेलं ते परत येत नाही, हे पॅरिसनं डोळ्यांनी पाहिलं.

पण नुसत्या सह्यांनी आणि सभांनी जमीन सुटत नाही, पैसे मोजावे लागतात. ते मोजले रने आणि जनव्हिएव्ह सेदू या दांपत्यानं. १९७१च्या सुमारास त्यांनी ला र्‍यूश विकत घेतलं. १९७२ साली इमारतीचा दर्शनी भाग आणि छप्पर यांना ऐतिहासिक वास्तूचं संरक्षण मिळालं. इथंही गोष्ट थांबू शकली असती. एका दयाळू मालकाच्या जागी दुसरा दयाळू मालक, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा वारस, पुन्हा विक्री. पण या वेळी ती चूक झाली नाही. १९८५ साली ला र्‍यूश-सेदू फाउंडेशन स्थापन झालं आणि वास्तू त्याच्या ताब्यात आली.

वरवर पाहता हा कागदोपत्री बदल. पण सगळं मर्म त्यात आहे. आता घर कुणा एका माणसाचं नाही. फाउंडेशनचं काम जागेतून नफा मिळवायचा नाही, जागा कलावंतांसाठी राखायची. तिथं राहणाऱ्या कलावंताला राहायला आणि कामाला जागा मिळते, पण ती विकून तो श्रीमंत होऊ शकत नाही. तो गेला की खोली पुढच्या कलावंताला. भोवतालच्या गल्लीत जागेचे भाव कितीही चढोत, त्या चढाचा आतल्या खोल्यांशी संबंध नाही. वोजिरारच्या कत्तलखान्याच्या जागी १९८०च्या दशकात सुंदर बाग झाली, आजूबाजूची घरं महाग झाली. पोळ्यात मात्र आजही सुमारे पन्नास कलावंत राहतात, काम करतात.

आज जगात अनेक शहरांतून हाच विचार वेगवेगळ्या रूपांत पुढे येतो आहे. जमीन ट्रस्टच्या नावे, घर वापरणाऱ्याच्या हातात, आणि कारभारात राहणाऱ्यांना, शेजाऱ्यांना, गावाला वाटा. कारण नुसतं स्वस्त घर बांधून भागत नाही. पहिल्या राहणाऱ्याला ते स्वस्त पडतं, त्यानं बाजारभावानं विकलं की दुसऱ्याला महाग. स्वस्तपणा टिकवायचा असेल, तर घर बाजारातूनच उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि त्याची राखण करणारं कुणीतरी नेमावं लागतं.

घर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तसा आपल्याला नवा नाही. बायकांना तर नाहीच. प्रेमानं, मायेनं दिलेला आसरा केव्हा जाईल याचा नेम नसतो, हे कितीजणींनी अनुभवलेलं असतं. देणाऱ्याचं मन मोठं असलं तरी कागद पक्का हवा, हे आपल्या आज्या अनुभवानं सांगत आल्या. बूशेचं मन फार मोठं होतं. कागद राहून गेला आणि तो पुरा करायला दुसऱ्यांना पन्नास वर्षं लागली.

२०१७ साली नोजाँ गावात जुनं संग्रहालय नव्या रूपात उघडलं. बूशेची आणि त्याच्या गुरूंची शिल्पं तिथं आहेतच. पण इमारतीत आता क्लोदेल कुटुंब लहानपणी जिथं राहत होतं ते घरही सामावून घेतलं आहे आणि संग्रहालयाला नाव दिलं आहे कामिल क्लोदेलचं. ज्या मुलीला अखेरपर्यंत स्वतःचं घर मिळालं नाही, तिला तिच्या मास्तरांच्या संग्रहालयात घर मिळालं. बूशेला याचा आनंदच झाला असता, असं वाटतं.